पाणी शिरतं कुठून, ते आधी सांगा

गाडीत पाणी येतंय असं सांगितलं की आमच्या मुरबाड-शहापूरकडे पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "पाऊसच केवढा पडतोय, थोडंफार येणारच." हे उत्तर मला मान्य नाही. पाऊस इथे पूर्वापार पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेतो आणि माळशेजकडे सरकाल तसा तो वाढतच जातो. तरी याच पट्ट्यात मातीच्या भिंतींची घरं कोरडी राहतात, कणगीतला भात कोरडा राहतो. मग लाखो रुपये मोजून घेतलेली पत्र्याची गाडी कोरडी का राहू नये? छप्पर, काचा आणि दारं पाणी बाहेर ठेवण्यासाठीच असतात. पाणी आत आलं तर तो बिघाड आहे, आणि बिघाड म्हटला की त्याचं कारण शोधलं पाहिजे. माझी सगळी तक्रार या शोधण्याबद्दल आहे.

आमच्या घरात कॅम्पर व्हॅन आहे. मोठी पॅनल व्हॅन घेऊन आत पलंग, त्याखाली सामानाची पेटी, छोटं बेसिन, पाण्याची टाकी आणि छतावर उघडणारी खिडकी बसवून घेतलेली. सरकारी वर्गवारीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वाहनाचा रीतसर प्रकार आहे आणि महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, त्यामुळे अशी गाडी बाळगणं आता नवलाचं राहिलेलं नाही. आम्ही तिच्यातून माहुलीच्या पायथ्याला जातो, टोकावड्यावरून माळशेजला जातो, जानेवारीत म्हसा यात्रेला जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांना रात्री पाठ टेकायला हक्काची जागा मिळते आणि बाहेरच्या स्वच्छतागृहांची चिंता राहत नाही. चैनीची वस्तू म्हणून या गाडीकडे बघणाऱ्यांनी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घेऊन दोन दिवसांचा प्रवास करून पाहावा.

पावसाळा लागला आणि पलंगाखालच्या पेटीतल्या चादरींना कुबट वास यायला लागला. पेटीचा प्लाय उजव्या कोपऱ्यात फुगला, सनमायका कडेने सुटला. चटई उचलली तर खालचा फेल्ट पिळून पाणी निघेल इतका ओला. वरून मात्र कुठेही थेंब पडताना दिसत नव्हता. छताचं अस्तर कोरडं, खिडकीची कड कोरडी, भिंतीवर ओघळ नाही. अशा गळतीचा त्रास असा की ती दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. पत्र्याला आतून गंज लागलेला असतो, लाकूड कुजायला लागलेलं असतं, जमिनीलगतच्या वायरिंगचे जोड हिरवे पडलेले असतात. आणि विम्याकडे गेलात तर हळूहळू झिरपून झालेलं नुकसान सहसा झीज म्हणून नाकारलं जातं. म्हणजे ते आपल्याच माथी.

मग आली अधिकृत सर्व्हिस सेंटरची वारी. शहरातल्या माणसाला सर्व्हिस सेंटर दोन सिग्नल पलीकडे असतं. आमच्याकडे ते अख्ख्या दिवसाचं काम आहे. शहापूरकराला निदान आसनगाव स्टेशनची लोकल आहे. मुरबाडला रेल्वेच नाही. कल्याणला किंवा त्याच्याही पुढे गाडी सोडायची, एसटीने घरी यायचं, फोनची वाट बघायची, पुन्हा एसटीने जायचं. फोन संध्याकाळी येतो आणि त्यात "उद्या सकाळी बघतो" असं सांगितलं जातं. भात लावणीच्या दिवसांत घरातला एक माणूस असा अडकवून ठेवणं किती जड जातं, ते त्या काउंटरमागच्या कुणालाही ठाऊक नसतं. ठाऊक करून घ्यावं असंही कुणाला वाटत नाही.

काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने सांगितलं, "सर, आम्ही वॉटर टेस्ट केली. लीकेज दिसलं नाही."

"मग पाणी येतंय कुठून?"

"बहुतेक पुढच्या काचेचं सीलिंग असेल, सर. काच काढून नवीन बसवावी लागेल. मागच्या दाराचं रबरही पूर्ण बदलून घ्या. आणि आतलं काम तुम्ही बाहेरून केलंय ना, त्यामुळे वॉरंटीत काहीच बसणार नाही."

"एवढं करून गळती थांबेल?"

"शक्यता आहे, सर. नाही थांबली तर पुढचं बघू."

अंदाजपत्रक पाच आकडी होतं. "पुढचं बघू" हे त्यातलं सर्वात महाग वाक्य होतं. अंदाज त्यांचा आणि चुकल्यावरचा खर्च आमचा, अशी ती व्यवस्था होती. काच बदलून पाणी थांबलं नाही तर काचेचे पैसे परत मिळणार नव्हते. मग रबर, मग छताचा रंग, मग छतावरची खिडकी, असं एकेक करत गाडीचा प्रत्येक भाग नवा होईपर्यंत आम्ही पैसे भरत राहायचे.

असं का होतं, याचा मी विचार केला आहे. सर्व्हिस सेंटरच्या बिलात दोनच गोष्टींना जागा असते: कुठला भाग लावला आणि तो लावायला किती मजुरी झाली. शोधायला लागलेल्या वेळेला तिथे ओळच नाही. छताचं अस्तर सोडवून, टॉर्च घेऊन, पाण्याचा माग काढत कारागीर दोन तास गाडीत बसला तर त्याच्या मालकाच्या हिशेबात ते दोन तास बुडीत जातात. काच बदलली तर तोच कारागीर कमाई करून देतो. त्यामुळे तिथल्या हुशार माणसालासुद्धा शोधायची सवय राहत नाही. मला ही गोष्ट मनापासून खटकते. वैद्याने नाडी न बघता औषध दिलं तर आपण त्याच्याकडे पुन्हा जात नाही. गाडीच्या बाबतीत मात्र मुकाट्याने काचेचे पैसे भरतो.

आणि पुढची काच ही काही सहज काढायची वस्तू नव्हे. आजच्या गाड्यांत ती पॉलियुरेथेनच्या चिकट थराने बॉडीला जखडलेली असते आणि बॉडीच्या मजबुतीत तिचाही वाटा असतो. कारखान्यात कोरड्या, स्वच्छ जागेत बसलेला तो जोड कापायचा आणि भर पावसाळ्यात दुसरा लावायचा, तोही दोष काचेतच आहे याची खात्री नसताना. त्यात नसलेली गळती नव्याने तयार होण्याचा धोका आहे. हा धोका मला कुणी सांगितला नाही.

वॉरंटीची भीती दाखवली जाते त्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण खेड्यातला गिऱ्हाईक त्या एका शब्दाने गप्प होतो. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि सर्वांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांच्या वर दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं फक्त आपल्या अधिकृत जाळ्यात अडकवून ठेवणं हा आयोगाचा मुख्य आक्षेप होता. बाहेरच्या गॅरेजात हात लावला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असंही त्यात सांगितलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण त्यात मांडलेलं तत्त्व साधं आहे आणि ते गिऱ्हाइकाने तोंडपाठ ठेवावं असं आहे: छताला बाहेरून सीलंट लावलं म्हणून इंजिनाची वॉरंटी जाण्याचं कारण नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. हे सगळं कागदावर आहे. आमच्या तालुक्यातल्या किती गाडीवाल्यांपर्यंत ते पोचलंय, हा वेगळा आणि दुःखाचा विषय.

शेवटी गाडी सुटली ती मुरबाडजवळच्या एका गॅरेजात. काळ्या-पिवळ्या जीप, मॅजिक, भाजीचे टेम्पो दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचं ते गॅरेज. त्यांनी पाण्याचा पाइप हातात घेतला नाही, गाडीभोवती फिरलेही नाहीत. आधी विचारलं, "दादा, गाडी घरी कशी उभी असते? तोंड चढाकडं का उताराकडं?"

आमचं अंगण उताराचं आहे आणि गाडी नेहमी तोंड चढाकडे करून उभी असते.

"आणि बाहेरगावी कधी उलटी उभी केली होती का? तेव्हा कुठं ओलं झालं?"

कसाऱ्याकडे एका रात्री गाडी उताराकडे तोंड करून उभी होती. त्या वेळी मागचा कोपरा कोरडा राहिला होता आणि ड्रायव्हरच्या पायाशी ओल आली होती. तेव्हा ती चपलांची ओल वाटली होती. हे ऐकल्यावर मिस्त्री म्हणाले, "मग पाणी मागनं शिरतच नाही. वरनं कुठंतरी पुढनं शिरतंय आणि उतार बघून पळतंय." सर्व्हिस सेंटरच्या सपाट फरशीवर, जोरदार फवाऱ्याने चार मिनिटं बाजूंनी धुतलेल्या गाडीत पाणी का दिसलं नाही, याचं उत्तर या दोन प्रश्नांतच होतं. ते विचारायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही.

ज्यांनी कौलारू घर पाहिलंय त्यांना यात नवीन काही नाही. मिरगाच्या आधी घर शाकारताना जाणतं माणूस भिंतीवरच्या ओल्या डागाच्या बरोबर वरचं कौल कधीच बदलत नाही. फुटकं कौल असतं आढ्याजवळ. पाणी वाशावरून ओघळत येतं आणि चार हात खाली, गाठ आली तिथे सुटतं. म्हणून तो आधी माळ्यावर चढतो आणि वाशावरची ओली रेघ वरपर्यंत बघत जातो. गाडीच्या छताला आतून आडव्या पट्ट्या असतात आणि दोन्ही कडांना लांबीभर पोकळ पट्टी असते. पाणी एकदा त्या पोकळीत शिरलं की उतार असेल तिकडे जातं, मागच्या खांबातून खाली उतरतं आणि जमिनीवर सर्वात खोलगट जागी साचतं. दिसतं तिथे ते शिरलेलं नसतं.

पण पावसाचंच पाणी आहे ना, हे आधी ठरवावं लागतं आणि कॅम्परमध्ये हे विशेष महत्त्वाचं आहे, कारण आत चार प्रकारची पाणी असतात. टाकीचं पाणी असेल तर कोरड्या दिवसांतही ओल येते. टाकीत थोडा खायचा रंग घालून पंप चालवला आणि जमिनीवर पांढरा कागद अंथरला की निकाल लागतो. पंपाजवळचा क्लिप ढिला होणं आणि बेसिनखालचा जोड सुटणं हे नेहमीचे दोष, दोन्ही स्क्रू-ड्रायव्हरने बरे होतात. एसीचं पाणी असेल तर ते उन्हाळ्यात, एसी चालवल्यावर, पुढच्या सीटच्या पायाशी येतं. एसीच्या पेटीतून गाडीखाली उतरणारी रबरी नळी मातीने किंवा कुंभारणीच्या घरट्याने बुजलेली असते, तार फिरवून मोकळी करायची. ओल चिकट, रंगीत आणि गोडसर वासाची असेल तर ते हीटरकडून येणारं कूलंट आहे; ते तोंडाजवळ नेऊ नये, ते विषारी असतं. आणि चौथं पाणी आपल्या श्वासाचं. डिसेंबरात माळशेजला खिडक्या लावून चार माणसं झोपली तर सकाळी गादीखालचा पत्रा ओला मिळतो. त्याला सीलंट नको, रात्री छतावरची खिडकी बोटभर उघडी हवी आणि गादीखाली हवा खेळायला पट्ट्या हव्यात. या चारांत फरक न करता थेट काचेवर जाणाऱ्या माणसाला मी कारागीर म्हणणार नाही.

आमचं पाणी पावसाचं होतं. मिस्त्रींनी मागच्या कोपऱ्यातलं अस्तर सोडवलं. पट्टीवर धूळ वाहून वाळलेली तपकिरी रेघ होती. तिथून पुढे पुढे अस्तराचे क्लिप काढत गेले. क्लिप तुटू नयेत म्हणून लाकडी पट्टीने, सावकाश. रेघ ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत गेली आणि थांबली. तिथे आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली, जोडांवर टिश्यू कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा पाइप घेऊन बाहेर.

पाणी खालून वर मारत न्यायचं, हा या कामाचा कणा आहे. आधी दाराची खालची कड, मग खिडकी, मग पन्हळ, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी दहा-बारा मिनिटं, साधी धार, फवारा नाही. वरून सुरुवात केली की पाणी सगळ्या जोडांवरून ओघळतं आणि कुठल्या जोडातून शिरलं ते कळत नाही. पाइप नसेल तर दुसरीही रीत आहे: सगळ्या काचा बंद करायच्या, बाहेरची हवा आत घेणारा ब्लोअर पूर्ण वेगाने लावायचा आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. आत दाटलेली हवा फटीतून बाहेर येते आणि तिथे बुडबुडे धरतात. बादलीभर पाण्यात काम होतं.

हे बादलीचं मी मुद्दाम सांगतो आहे. तानसा धरण १८९२ सालापासून आणि भातसा त्यानंतर, अशी मोठी धरणं शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायाबापड्या टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. त्यामुळे उन्हाळ्यात पाइप लावून तासभर गाडी भिजवणं आमच्याकडे शोभत नाही, मला तरी ते बघवत नाही. पाइपची तपासणी जूनच्या सरींनंतर करावी, मेमध्ये साबणाच्या पाण्याची.

गळती सापडली ती अशी. छताच्या उजव्या कडेला पन्हळ आहे, तिच्यात सामानाच्या कॅरिअरचा पुढचा पाय बसवलेला. पायाखालचं रबर पन्हळीत आडवं आलेलं. अंगणातल्या जांभळाची पानं आणि धूळ त्या रबराला अडून तिथे गाळाचा छोटा बांध तयार झाला होता. पाऊस पडला की बांधामागे पाणी तुंबायचं, तासन् तास उभं राहायचं. कॅरिअरच्या वजनाने हलून हलून तिथलाच छताच्या आणि बाजूच्या पत्र्याच्या जोडावरचा कारखान्यातला सीलंट केसाएवढा तडकला होता. त्या केसातून पाणी पोकळ पट्टीत आणि तिथून गाडीच्या दुसऱ्या टोकाला. पुढच्या काचेला काहीही झालेलं नव्हतं. मागच्या दाराचं रबरही ठणठणीत होतं.

ज्यांच्या गाडीला कॅरिअर नाही त्यांच्याकडे दोषाच्या जागा थोड्या वेगळ्या, पण ठरलेल्या असतात. वायपरखालच्या जाळीत साग-जांभळाची पानं कुजून तिथलं पाणी जायचं भोक बुजणं, ही आमच्याकडे सर्वात वरची. मग मागच्या दिव्यांची गॅस्केट, मागच्या दाराच्या वरचा ब्रेक लाइट, अँटेनाचा बुंधा, वायरी आत घेतल्या तिथलं रबरी बूच आणि कॅम्पर करताना छत कापून बसवलेली खिडकी. दार हलवलं की आत पाणी खळखळत असेल तर दाराच्या तळाची भोकं लाल मातीने बुजली आहेत. ती काडीने मोकळी करायची. त्यांना सीलंटने बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत. ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात.

आता सीलंट. इथे सर्व्हिस सेंटरइतकीच तक्रार माझी हार्डवेअरच्या दुकानांबद्दल आहे. सीलंट मागितलं की बाथरूमच्या फरशीचं सिलिकॉन हातात देतात. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं. उघड्या पत्र्यावर ते लावलं की गळती वरून झाकली जाते आणि खाली गंज सुरू होतो. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर पुढे रंग धरत नाही. एम-सील घट्ट आणि कडक होतं; हलणाऱ्या जोडावर ते पुन्हा तडकतं. डांबराची पट्टी उन्हात वितळून ओघळते. गाडीच्या जोडाला पॉलियुरेथेनचं लवचीक सीलंट लागतं, ते नळकांड्यात आणि साध्या गनवर मिळतं, कल्याणला बॉडी-पेंटच्या दुकानात मागितलं तर लगेच देतात. मुरबाड-शहापूरच्या दुकानदारांनी ते ठेवावं, गिऱ्हाईक आहे.

लावण्याआधीचं काम खरं. जुना तडकलेला थर प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढायचा. त्याच्यावरच नवा फासणं हे फसवणुकीचं काम आहे, पैसे घेऊन केलं असेल तर तसंच म्हटलं पाहिजे. गंज असेल तर तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घासायचं, गंजरोधक प्रायमर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग स्पिरिटने पुसून सीलंट. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे दमट हवेचं भय नाही. पत्रा मात्र कोरडाच हवा. म्हणून उघडीप गाठायची, आणि उघडीप नसेल तर ताडपत्रीखाली काम करायचं. दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर इतकाच थर आतपर्यंत पक्का होतो, तेवढा वेळ गाडीला द्यायचा. मिस्त्रींनी कॅरिअरचा पाय उचलून रबराला खालून खाच दिली, पन्हळ मोकळी राहील अशी. खाच दिली नसती तर पुन्हा बांध झाला असता आणि पुन्हा तिथेच तडा गेला असता. सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकात या खाचेचा विचार असणं शक्यच नव्हतं, कारण त्यांनी कॅरिअरकडे पाहिलंच नव्हतं.

वाळवण्याचं काम सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात जास्त टाळलं जाणारं. गळती थांबली म्हणजे गाडी कोरडी झाली असं होत नाही. भिंतीच्या आतला फोम किंवा काचलोकर पाणी धरून ठेवते आणि महिनोन् महिने सोडत नाही. जमिनीचा फेल्ट काढून उन्हात टाकावा लागतो, फुगलेला प्लाय वाचत नाही, तो कापून टाकावा लागतो. दारं उघडी ठेवून टेबल फॅन लावून ठेवावा लागतो. कॅम्पर बांधून देणाऱ्यांना माझं सांगणं आहे: जमीन वरून सील करून टाकू नका. तळाला पाणी जायला वाट ठेवा, पेटीचा तळ पत्र्यापासून दोन बोटं वर ठेवा आणि एक कोपरा असा ठेवा की मालकाला स्क्रू काढून आत हात घालता येईल. कोकणपट्टीत आणि घाटाखाली गाडी विकायची असेल तर एवढं केलंच पाहिजे.

एकूण खर्च सीलंटची नळकांडी, प्रायमर, थोडा प्लाय आणि मिस्त्रींची मजुरी. अंदाजपत्रकातल्या नुसत्या काचेच्या रकमेपुढे तो अगदी थोडा होता. मिस्त्रींनी शोधण्याच्या वेळेचे पैसे मागितलेच नाहीत. "सापडलं म्हणून सांगतोय, नसतं सापडलं तर काय घेणार होतो?" असं म्हणाले. आम्ही ते पैसे आग्रहाने दिले. कारण या साऱ्या प्रकरणात विकत घेण्यासारखी गोष्ट तीच होती. भाग बदलणारे हात पुष्कळ आहेत. विचारून, थांबून, माग काढणारा माणूस गॅरेजात टिकायचा असेल तर त्याच्या त्या वेळेला मोल मिळालं पाहिजे, तालुक्याच्या गॅरेजातही आणि शहरातल्या चकचकीत सेंटरमध्येही. तपासणीचे तासाप्रमाणे पैसे लावा, आम्ही देऊ. त्या बदल्यात पाणी कुठून शिरतं ते फोटोसकट लिहून द्या. आमची मागणी इतकीच आहे.

आणि गाडीवाल्यांना एक विनंती. पुढच्या पावसाळ्यात गाडी गळाली आणि सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली, तर गाडी घरी चढाकडे तोंड करून उभी असते की उताराकडे हे सांगा, ओल कुठे आणि कधी येते हे सांगा आणि ते जॉब कार्डवर लिहून घ्या. भाग बदलायचा म्हणत असतील तर 'पाणी इथून शिरतं' असं त्याच कार्डावर लेखी मागा. लिहून देत नसतील तर सही करू नका आणि गाडी परत आणा. पैसे घेऊन गळती तशीच ठेवली असेल तर ती सेवेतली त्रुटी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीत बोलता येतं, आणि जिल्हा ग्राहक आयोग ठाण्यात आहे.